ट्रॉयचा घोडा आणि नगरचे सोन्याचे तोफगोळे: युद्धाच्या दंतकथा कशा घडतात?

नगर आणि भिंगारच्या परिसरात चांदबिबीची एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. मुघलांनी भुईकोट किल्ल्याला वेढा घातला. लढता लढता किल्ल्यातले तोफगोळे संपले. तेव्हा चांदबिबीने तोफांमध्ये तांब्याची नाणी भरली. ती संपल्यावर चांदीची, मग सोन्याची आणि शेवटी जडजवाहीर.

अशीच एक गोष्ट ग्रीकांचीही आहे. दहा वर्षं वेढा घालूनही ट्रॉय शहर पडेना. मग ग्रीकांनी एक भला मोठा लाकडी घोडा बांधला, त्याच्या पोटात सैनिक लपवले आणि माघार घेतल्याचं नाटक केलं. ट्रॉयच्या लोकांनी घोडा आत ओढून नेला आणि त्याच रात्री शहर जळालं.

दोन्ही गोष्टींत एक साम्य आहे. ट्रॉयच्या युद्धावरचं सर्वात प्रसिद्ध महाकाव्य म्हणजे 'इलियड', पण त्यात हा घोडा नाही. नगरच्या वेढ्याचं सविस्तर वर्णन चांदबिबीच्या काळातल्या फिरिश्ताने केलं, पण त्यात सोन्याचे गोळे नाहीत. मग या गोष्टी आल्या कुठून? आणि त्या आल्यामुळे काय मागे पडलं?

ट्रॉयची मूळ कथा काय आहे?

ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस याने स्पार्टाच्या राजाची पत्नी हेलन हिला पळवून नेलं. तिला परत आणण्यासाठी ग्रीक राजे एकत्र आले. त्यांचा सेनापती होता अगामेम्नॉन आणि सर्वात मोठा योद्धा अकिलीस. ट्रॉयच्या बाजूने राजा प्रायमचा मुलगा हेक्टर लढत होता. युद्ध दहा वर्षं चाललं, असं कथा सांगते.

हे शहर आजच्या तुर्कस्तानात हिसारलिक नावाच्या टेकाडावर होतं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. तिथे एकावर एक वसलेल्या वस्त्यांचे नऊ मुख्य थर सापडले आहेत. त्यातला एक थर इ.स.पूर्व ११८० च्या सुमारास नष्ट झाला. म्हणजे तिथे शहर होतं आणि ते उद्ध्वस्तही झालं, एवढं जमीन सांगते. हेलन, अकिलीस किंवा घोडा यांच्याबद्दल जमीन काहीच सांगत नाही.

होमरच्या 'इलियड'मध्ये काय आहे?

'इलियड' हे काव्य इ.स.पूर्व आठव्या शतकाच्या आसपास आकाराला आलं, असं मानलं जातं. म्हणजे युद्ध झालं असेल, तर ते आणि काव्य यांच्यात चारेकशे वर्षांचं अंतर आहे. इतका काळ ही कथा गायकांच्या तोंडी होती.

सुमारे १५,७०० ओळींच्या या काव्यात दहा वर्षांचं युद्ध नाही. दहाव्या वर्षातले साधारण ५० दिवस आहेत. काव्य सुरू होतं अकिलीसच्या रागापासून आणि संपतं हेक्टरच्या अंत्यविधीपाशी. शेवटचं पान मिटताना ट्रॉय शहर अजून उभंच असतं.

घोड्याचा उल्लेख होमरच्याच नावावर असलेल्या 'ओडिसी'मध्ये येतो, तोही थोडक्यात. आज सगळ्यांना माहीत असलेली घोड्याची सविस्तर गोष्ट रोमन कवी व्हर्जिलच्या 'ईनिड'मधून आली. हे काव्य इ.स.पूर्व पहिल्या शतकाच्या शेवटी लिहिलं गेलं. अकिलीसची फक्त टाच कच्ची होती, ही गोष्ट तर त्याहूनही नंतरची. पहिल्या शतकातला रोमन कवी स्टेशियस याच्या काव्यात ती दिसते. 'इलियड'मधला अकिलीस साध्या माणसासारखा जखमी होऊ शकतो.

प्रत्येक काळाने आपलं ट्रॉय लिहिलं

नंतरच्या लेखकांनी या कथेत नुसती भर घातली नाही. त्यांनी आपल्या काळाचे प्रश्न तिच्यात टाकले.

इ.स.पूर्व ४१६ मध्ये अथेन्सने मेलोस नावाचं छोटं बेट जिंकलं. तिथल्या पुरुषांना ठार केलं, बायका-मुलांना गुलाम केलं. पुढच्याच वर्षी युरिपिडीसने अथेन्सच्या रंगमंचावर 'ट्रॉयच्या स्त्रिया' हे नाटक आणलं. शहर पडल्यानंतर उरलेल्या बायकांचं काय होतं, एवढंच त्यात आहे. गोष्ट जुनी होती, पण प्रेक्षकांत बसलेल्यांना ती कालचीच वाटली असणार.

शंका घेणारेही होते. इ.स.पूर्व पाचव्या शतकातला इतिहासकार हेरोडोटस याने साधा प्रश्न विचारला: एका बाईसाठी कुठला राजा दहा वर्षं आपली मुलं आणि शहर पणाला लावेल? त्याच्या मते हेलन ट्रॉयमध्ये नव्हतीच, ती इजिप्तमध्ये होती. ग्रीकांना ते पटलं नाही, म्हणून युद्ध झालं.

व्हर्जिलला रोमचा गौरव करायचा होता. म्हणून त्याने ट्रॉयमधून निसटलेल्या ईनियसला रोमनांचा पूर्वज म्हणून नायक केलं. २००४ च्या 'ट्रॉय' चित्रपटाला प्रेक्षकांचं समाधान हवं होतं. म्हणून त्यात अगामेम्नॉन ट्रॉयमध्येच मारला जातो. जुन्या कथेत तो जिंकून घरी जातो आणि तिथे त्याची बायको त्याचा काटा काढते. याच चित्रपटातला घोडा आता तुर्कस्तानातल्या चानाक्काले शहरात उभा आहे आणि पर्यटक त्याच्यासमोर फोटो काढतात.

अलीकडच्या कादंबऱ्यांनी बाजूला राहिलेल्यांना बोलतं केलं. मॅडलिन मिलरच्या 'द साँग ऑफ अकिलीस' (२०११) मध्ये अकिलीसचा सोबती पॅट्रोक्लस कथा सांगतो. पॅट बार्करच्या 'द सायलेन्स ऑफ द गर्ल्स' (२०१८) मध्ये मुख्यतः ब्रायसीस बोलते. ही युद्धात लुटून आणलेली स्त्री, जिच्यावरून अकिलीस आणि अगामेम्नॉन भांडतात. मराठी वाचकाला हा प्रकार नवा नाही. कर्णाच्या बाजूने महाभारत पाहणारी 'मृत्युंजय' आणि महाभारतातल्या व्यक्तींना माणसं म्हणून तपासणारं इरावती कर्वे यांचं 'युगान्त' आपल्याकडे कधीच घरोघरी पोहोचलं आहे.

भिंगार: जिथे नगरची गोष्ट सुरू होते

आता आपल्या मुलखाकडे येऊ. भिंगार हे अहिल्यानगरपेक्षा जुनं गाव. १४९० मध्ये मलिक अहमद याने भिंगारजवळ तळ टाकून बसलेल्या बहमनी सैन्यावर अचानक हल्ला केला आणि मोठा विजय मिळवला. लढाईच्या जागी त्याने बाग आणि महाल उभारला, म्हणून ही लढाई 'बागेची लढाई' म्हणून ओळखली गेली. पुढे १४९४ मध्ये जवळच त्याने शहर वसवलं. तेच अहमदनगर. २०२४ मध्ये त्याचं अधिकृत नाव अहिल्यानगर झालं.

आज दिसणारा भुईकोट किल्ला मलिक अहमदचा नातू हुसेन निजामशहा याच्या काळात दगडी झाला. चांदबिबी या हुसेन निजामशहाची मुलगी. तिचं लग्न विजापूरच्या अली आदिलशहाशी झालं. १५८० मध्ये अलीचा खून झाला आणि लहानग्या इब्राहिम आदिलशहाच्या वतीने विजापूरचा कारभार पाहण्याची वेळ तिच्यावर आली. पुढे ती माहेरी, नगरला परतली.

१५९५ चा वेढा: त्या काळच्या नोंदी काय सांगतात?

१५९५ मध्ये निजामशाहीत गादीवरून भांडणं पेटली होती. एका गटाने अकबराचा मुलगा मुराद याला मदतीला बोलावलं. डिसेंबर १५९५ मध्ये मुघल फौज नगरच्या किल्ल्यापुढे आली, तेव्हा बोलावणारेच पस्तावले. किल्ला सांभाळण्याची जबाबदारी चांदबिबीने घेतली.

फिरिश्ता नावाने ओळखला जाणारा इतिहासकार मुहम्मद कासिम याचं तरुणपण नगरमध्ये गेलं होतं. वेढ्याच्या वेळी तो विजापूर दरबारात होता. त्याच्या इतिहासातलं वर्णन असं: मुघलांनी तटाखाली पाच सुरुंग खणले. मुघल छावणीतल्याच एका माणसाने ही बातमी रात्री किल्ल्यात पोहोचवली. आतल्या लोकांनी रातोरात खणून दोन सुरुंग निकामी केले. तिसऱ्याचा शोध सुरू असतानाच तो उडाला आणि तटाचा मोठा भाग कोसळला.

काही सरदार पळण्याच्या बेतात होते. तेवढ्यात चांदबिबी चिलखत घालून, चेहऱ्यावर बुरखा घेऊन, हातात नंगी तलवार घेऊन खिंडारापाशी आली. दिवसभर लढाई झाली. रात्री तिने उभं राहून भिंत पुन्हा बांधून घेतली. शेवटी १५९६ मध्ये तह झाला. वऱ्हाड मुघलांना देण्यात आलं, नगर वाचलं आणि बहादूर या लहान मुलाची गादी मान्य झाली.

या तहापाशी एक गंमत आहे. निजामशाही दरबाराच्या आश्रयाने लिहिलेला 'बुर्हान-ए-मआसिर' हा फारसी इतिहास १५९६ च्या घटनांपाशी येऊन थांबतो. म्हणजे 'इलियड'प्रमाणेच इथेही शेवटचं पान मिटताना शहर उभं आहे आणि राणी जिवंत आहे.

मग सोन्याचे गोळे कुठून आले?

वेढ्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी, अठराव्या शतकात, खाफीखान या इतिहासकाराने चांदबिबीने चांदीचे गोळे डागल्याचा उल्लेख केला. तांबं, चांदी, सोनं आणि मग जवाहीर अशी चढत जाणारी पूर्ण गोष्ट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८४१ च्या आपल्या भारताच्या इतिहासात दिली. ही नगरमधली लोकांच्या तोंडची गोष्ट आहे आणि चांदबिबीभोवती अशा अनेक दंतकथा आहेत, असं त्याने स्पष्ट सांगितलं. त्या कथेत दागिने डागायची वेळ आल्यावरच ती तहाला तयार होते.

गोष्ट कशी वाढली ते इथे दिसतं. आधी तुटलेला तट आणि तलवार. मग चांदी. मग सोनं आणि जवाहीर. प्रत्येक सांगणाऱ्याने एक पायरी चढवली. सांगणारे खोटारडे होते असं नाही. बाईने काय काय पणाला लावलं, हे ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर उभं करायला दागिन्यांइतकं सोपं चित्र दुसरं नाही.

दंतकथेने काय झाकलं?

दागिन्यांची गोष्ट तहापाशी संपते. इतिहास तिथे संपत नाही.

१६०० मध्ये मुघल पुन्हा आले. या वेळी अकबराचा दुसरा मुलगा दानियाल होता. किल्ला आता टिकणार नाही, हे चांदबिबीला दिसत होतं. फिरिश्ता सांगतो की, किल्ला देऊन छोट्या बहादूरला घेऊन जुन्नरकडे सुखरूप निघून जावं, असा विचार तिने बोलून दाखवला. ज्याच्याशी ती बोलली त्या वजनदार खोजाने बाहेर येऊन बोंब ठोकली: राणी मुघलांना मिळाली! जमाव तिच्या महालात घुसला आणि तिथेच तिला ठार करण्यात आलं. त्यानंतर लवकरच किल्ला पडला. बहादूरला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत पाठवलं गेलं.

म्हणजे जिने चार वर्षांपूर्वी खिंडारात उभं राहून शहर वाचवलं, तिला शहरानेच मारलं. कारण होतं एक अफवा. तिचा सल्ला ऐकला असता, तर निदान तो मुलगा वाचण्याची शक्यता होती.

हे ट्रॉयच्या कथेशी फार जवळचं आहे. व्हर्जिलच्या ट्रॉयमध्ये घोडा आत येतो तो सिनॉन नावाच्या एका खोटं बोलणाऱ्या माणसामुळे. खरं सांगणारी कसांड्रा तिथेच असते, पण तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. दहा वर्षांच्या वेढ्याने जे झालं नाही, ते एका थापेने झालं.

पण फरकही मोठा आहे. ट्रॉयच्या कथेने ही थाप लक्षात ठेवली. चांदबिबीच्या लोकप्रिय कथेत अफवा बाजूला पडली आणि दागिने राहिले. तिच्या अखेरीची आणखी एक गोष्ट सांगितली जाते, ज्यात ती स्वतःच विहिरीत उडी घेते. या दोन्ही गोष्टींत तिचा शेवट थोर आहे आणि दोन्हींत तिला मारणारे हात दिसत नाहीत. आपल्याच माणसांनी केलेला खून लक्षात ठेवण्यापेक्षा राणीचा त्याग लक्षात ठेवणं कोणत्याही गावाला सोपं जातं.

चुकीच्या वास्तूला चिकटलेलं नाव

दंतकथा वास्तूंनाही चिकटतात. भिंगारच्या पूर्वेकडच्या शहा डोंगरावर 'चांदबिबी महाल' म्हणून प्रसिद्ध असलेली अष्टकोनी इमारत आहे. प्रत्यक्षात ती मुर्तजा निजामशहाचा वजीर सलाबतखान दुसरा याची कबर आहे. चांदबिबीचा तिच्याशी थेट संबंध नाही. तरी लोकांनी तिचं नाव दिलं, कारण नगरची आठवण तिच्याभोवती गोळा झाली होती.

ट्रॉयमध्येही हेच झालं. १८७३ मध्ये हाइनरिश श्लीमान याला हिसारलिकमध्ये सोन्याचे दागिने सापडले आणि त्याने ते 'प्रायमचा खजिना' म्हणून जाहीर केले. ते दागिने ट्रॉयच्या युद्धाच्या मानल्या जाणाऱ्या काळापेक्षा हजारहून अधिक वर्षं जुने निघाले. नाव मात्र अजून तेच चालतं.

भातवडी: एक लढाई, दोन कथानकं

कधी घटना एकच असते आणि नायक बदलतो. १६२४ मध्ये नगरजवळच्या भातवडीला मलिक अंबरने मुघल आणि आदिलशाही यांच्या एकत्रित फौजेचा पराभव केला. तलावाचं पाणी सोडून शत्रूची छावणी चिखलात अडकवण्याची मलिक अंबरची युक्ती यासाठी सांगितली जाते. ही गोष्ट त्याच्या चतुराईची आहे.

हीच लढाई 'शिवभारत' या संस्कृत काव्यातही येते. ते लिहिणारे कवींद्र परमानंद नेवाशाचे, म्हणजे याच जिल्ह्यातले. काव्य शिवाजी महाराजांच्या चरित्राचं असल्याने तिथे प्रकाश पडतो तो अंबरच्या बाजूने लढणाऱ्या शहाजीराजांवर आणि या लढाईत मारले गेलेले त्यांचे भाऊ शरीफजी यांच्यावर. दोन्ही कथनं एकाच मैदानाची आहेत. कवी कोणासाठी लिहितो, यावर मैदानातला कोणता कोपरा दिसेल ते ठरतं. व्हर्जिलने ईनियसला पुढे आणलं तेही असंच.

चांदबिबी पुस्तकांत आणि चित्रांत

ससाणा हातावर घेऊन घोड्यावर निघालेली चांदबिबी हा दख्खनी चित्रकलेचा आवडता विषय झाला. अशी चित्रं तिच्या मृत्यूनंतर शंभर-दीडशे वर्षांनीही काढली जात होती. त्यात ती वेढ्यातली थकलेली राणी नाही, शिकारीला निघालेली डौलदार बाई आहे. हैदराबादच्या निजामाच्या सेवेत राहिलेल्या फिलिप मेडोज टेलरने तिच्यावर 'अ नोबल क्वीन' ही कादंबरी लिहिली. ती १८७८ मध्ये प्रसिद्ध झाली. इंग्रज वाचकाला तिथे एक थोर, एकाकी राणी भेटली.

१९४२ ते १९४५ या काळात जवाहरलाल नेहरू याच भुईकोट किल्ल्यात कैदेत होते. तिथे १९४४ मध्ये त्यांनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं. त्यात किल्ल्याबद्दल लिहिताना त्यांना चांदबिबी आठवते: साम्राज्याच्या फौजेविरुद्ध तलवार घेऊन उभी राहिलेली आणि आपल्याच माणसाच्या हातून मारली गेलेली. एका साम्राज्याच्या कैद्याला हाच भाग महत्त्वाचा वाटला, यात नवल नाही.

कथेचा प्रवास, वर्षांनुसार

- १५९५-९६: पहिला वेढा. चांदबिबी खिंडारात लढते. तह होतो.
- १६००: अफवेनंतर चांदबिबीचा खून. किल्ला मुघलांकडे.
- सतराव्या शतकाची सुरुवात: फिरिश्ताचा इतिहास. त्यात तट, तलवार आणि खून.
- अठरावं शतक: खाफीखानकडे चांदीचे गोळे.
- १८४१: एल्फिन्स्टनच्या इतिहासात नाणी आणि जवाहीर यांची लोककथा.
- १८७८: टेलरची कादंबरी.
- १९४४: नेहरूंचं लेखन, त्याच किल्ल्यात.

अशा कथा कशा वाचाव्यात?

युद्धाची दंतकथा खोटी म्हणून फेकून देण्याची गरज नाही. तिला तीन प्रश्न विचारले तरी पुष्कळ कळतं. ही गोष्ट घटनेनंतर किती वर्षांनी पहिल्यांदा लिहिली गेली? सांगणारा कोणासाठी सांगत होता? आणि ही गोष्ट सांगताना कोणती दुसरी गोष्ट सांगायची राहून जाते?

तिसरा प्रश्न सर्वात महत्त्वाचा आहे. नाण्यांच्या तोफांची गोष्ट आज मोबाइलवरून क्षणात हजारो लोकांपर्यंत पोहोचते आणि ती वाचून अभिमान वाटतो. पण चांदबिबीचा जीव तोफेने गेला नाही. 'राणी फितूर झाली' हे एक वाक्य तिच्या महालाबाहेर तोंडोतोंडी पसरलं आणि खरं-खोटं पाहायला कोणी थांबलं नाही. तिची गोष्ट पुढे पाठवताना दागिन्यांसोबत हेही सांगितलं, तर ती पूर्ण होते.